सरस्वतीपुढे ठेवलेला स्फटिक

कण्णीचं पूर्ण नाव अंगयर्कण्णी. शाळेत फिजिक्स शिकवून कंटाळली आणि चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी. करायला निघाली. कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांनी तिची टर उडवली. मीही उडवली, खोटं कशाला बोलू? मी कॉलेजमागच्या शेडमध्ये काच फुंकते. सासऱ्यांचा धंदा, माझ्या गळ्यात पडला. कण्णीला लागणाऱ्या, खाली पेन्सिलीसारखं टोक काढलेल्या नळ्या मीच करून द्यायची.

त्या नळीत स्टिलबीन नावाच्या रसायनाची पांढरी पूड भरायची, हवा काढून तोंड बंद करायचं आणि उभ्या भट्टीतून अगदी सावकाश खाली सोडायची. वर गरम, खाली कोमट. वितळलेली पूड टोकापासून गोठत जाते आणि एकसंध स्फटिक वर चढतो. चढला तर! कण्णीचे कधी दुधाळ व्हायचे, कधी तडकायचे.

"अक्का, तुझं टोक वाकडं आहे."

"टोक सरळ आहे गं बाई, नशीब वाकडं आहे तुझं."

तिचे गाईड मासिलामणी सर मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरअखेर रिटायर होणार होते. त्याआधी चांगला स्फटिक अणुकेंद्रात तपासून घेतला नाही, तर प्रबंधावर सरांची सही होणार नव्हती. नव्या गाईडखाली पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शाळेतली बिनपगारी रजाही संपत आली होती. सर मात्र रोज विचारायचे, "काय म्हणतंय लेकरू?" लेकरू म्हणजे भट्टीतली नळी.

नवरात्राच्या तोंडावर ते लेकरू जन्मलं. अंगठ्याएवढं जाड, पाण्यासारखं नितळ. कण्णी रडली. मीही डोळे पुसले, भट्टीच्या धगीचं निमित्त करून.

सरस्वतीपूजेला आमच्याकडे जो तो आपली हत्यारं देवीपुढे ठेवतो. चंदन-कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. लॅबमधल्या पूजेत मी फुंकणी ठेवली. कण्णीने स्फटिक ठेवला.

"डोकं ठिकाणावर आहे का? नुसत्या हाताच्या उबेने तडकतं ते! निदान मी केलेलं काचेचं झाकण तरी घाल."

"देवीला झाकून कसं दाखवायचं, अक्का? दिव्यांपासून लांब, मागे ठेवलाय. काही होत नाही."

सरांनी कापूर पेटवला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की चिडायचे. घंटा वाजत होती. देवीला ओवाळून झाल्यावर सर ताट घेऊन वाकले, अजून वाकले. "कुठंय आमचं लेकरू?" म्हणत त्यांनी ज्योत स्फटिकाजवळ नेली. तो आतून निळसर उजळला. "दिसलं!" सर म्हणाले. म्हाताऱ्याचा चेहरा असा काही फुलला की बस.

मी कण्णीचा दंड दाबला. बोल की बाई! तिने ओठ आवळले होते. मी स्वतः ओरडणार, तेवढ्यात टिच्च झालं.

घंटा थांबली. सरांनी मान वर केली. "काय वाजलं?"

"कापूर, सर," कण्णी म्हणाली.

मग सगळ्यांना प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, आणि चुरमुरे वाटले. ते तिनेच वाटले. मी मात्र संतापाने माझा द्रोण तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर आम्ही स्फटिक कापसात उचलला. तडा वरून अर्ध्यापर्यंत उतरलेला. टोकाकडचा भाग शाबूत होता. स्फटिक विरघळवणाऱ्या झायलीनमध्ये भिजवलेला दोरा सुरीसारखा पुढेमागे ओढत कण्णीने तो तुकडा वेगळा केला, रेशमी कापडावर घासला आणि अणुकेंद्रात नेला. किरण आदळला की स्टिलबीन लुकलुकतं. त्या लुकलुकण्यावरून न्यूट्रॉन कुठला आणि गॅमा कुठला ते कळतं. त्या तुकड्याने दोन्ही वेगळे ओळखले. लुकलुक कमी पडली, पण स्वच्छ होती.

सही घ्यायला ती सरांकडे गेली तेव्हा मी सोबत होते. सरांनी कापसातला तुकडा नाकाजवळ धरून पाहिला.

"एवढासाच? लेकरू तर अंगठ्याएवढं होतं."

"कापताना गेलं, सर."

सरांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"जन्मभर स्फटिक तडकताना ऐकलेत मी. कापूर असा वाजत नाही, पोरी."

कण्णीने तुकडा पुन्हा कापसात गुंडाळला.

पुढच्या नवरात्रात कण्णीने नवा स्फटिक ठेवला, या खेपेला झाकण घालून. रिटायर झालेले सर मुद्दाम बसने आले होते. आरतीची वेळ झाली तशी सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी ताट घेतलं, कापूर पेटवला आणि ताट कण्णीच्या हातात दिलं.

"तू ओवाळ. मी इथूनच बघतो."

आणि ते पार दाराशी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना काहीही दिसत नव्हतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.