समोर गडी किती

माझ्या मेव्हण्याएवढा भीती वाटावी असा माणूस आख्ख्या कोल्हापुरात झाला नाही, आणि त्यानं जन्मात कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. अंगानं काडी. वाऱ्याच्या दिवशी छत्री उघडू नका, असं मीच त्याला सांगायचो. पण तो तुमच्याकडं टक लावून बघायला लागला की चांगले तालमीतले गडीही चुळबुळायचे, कारण बघता बघता त्याचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. मनात हिशेब चालायचा, आणि तो संपला की तुमचं पुढं कसं होणार ते तो गुळाचा भाव सांगावा तसा सांगून टाकायचा. आमच्या गल्लीतल्या बाया तो येताना दिसला की तान्ह्या पोरांवर पदर टाकायच्या.

हे खूळ तो जहाजावरनं घेऊन आला. मालाच्या बोटीवर स्वयंपाकी होता. बोट अमेरिकेत टेक्सास म्हणून मुलूख आहे तिथं अडकून पडली, आणि तिथल्या लोकांनी त्याला एक पत्त्यांचा डाव शिकवला. प्रत्येकाला दोनच पानं झाकून वाटायची, मग मधे सगळ्यांची म्हणून पाच पानं उघडायची, आणि सातांतली चांगली पाच ज्याची भारी तो जिंकला. आता गंमत अशी, की ती मधली पाच उघडायच्या आधीच, नुसती हातातली दोन बघून, आपण जिंकणार किती वेळा हे सांगता येतं म्हणे. मी चौथी शिकलेला, शाहूपुरीत गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, तोलाई करून जन्म घालवला. काट्यावर ठेवल्याशिवाय मला काही कळत नाही. हा न ठेवताच वजन सांगणारा. मला त्याची भीती वाटणार नाही तर काय?

नोकरी सोडून आल्यावर त्यानं माझ्या घरापुढच्या सोप्यावर हा डाव सुरू केला. पैसे नाहीत, माझी बायको भाजलेल्या शेंगा द्यायची, त्याच लावायच्या. तालमीतली पोरं यायची, दहा-दहा जण मांडी घालून बसायची. मेव्हणा समजावून सांगायचा, की पानं हलकी असली तर टाकून द्यायची आणि तो डाव सोडायचा, शहाणा माणूस दहातले सात डाव सोडतो. हे ऐकल्यावर एक पैलवान उभाच राहिला. "पानं टाकून उठायचं? आमी काय पळपुटं हाय व्हय ओ?" झालं. त्या दिवसापासून आमच्या सोप्यावर एकानंही कधी पान टाकलं नाही. हातात काहीही येवो, दहाच्या दहा गडी शेवटपर्यंत बसायचे. त्यामुळं मेव्हण्याला एक्क्यांची जोडी आली, म्हणजे त्या डावातला हिंदकेसरीच आला, तरी तो हरायचा. कपाळावर हात मारून म्हणायचा, "दाजी, एकटा गडी समोर असला तर ही जोडी पाचात चारदा जिंकती. आणि ह्या दहा येड्यांत तिनात एकदा! पान काय आलं त्याला किंमत न्हाय. समोर गडी किती, ते बघायचं." बायको आतनं ओरडायची, "शेंगा खाऊन संपल्या तुमच्या, आता जिंकणार काय, टरफलं?"

त्याचं हे सगळीकडं चालायचं. एकदा आम्ही तिघं गारगोटीच्या गाडीत बसलो होतो. ह्यानं टायर बघितलं, ड्रायव्हर बघितला, ओठ हलले, आणि मोठ्यानं म्हणाला, "पोचती. पाचात चारदा पोचती." त्याला वाटलं धीर दिला. पुढच्या बाकावरची दोन माणसं उतरून गेली. मला विचाराल तर मीही उतरलो असतो, कारण माझा स्वभावच तसला, मला चार खेपा कधी दिसत नाहीत, पाचवीच दिसते. घाटात मी बाकाची दांडी धरून डोळे मिटून बसलो आणि बायको शेजारी पेरू खात होती. गाडी पोचली. हुपरीच्या एका लग्नात ह्यानं नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "तू बदामाचा राजा हैस, पर घरात चार जावा, दोन नणंदा. पोरीच्या समोर गडी लई." वरबाप काठी घेऊन मागं लागला. पण तो पोरगा पुढं बायकोला घेऊन वेगळा राहिला, आणि सुखानं राहिला. असलं काही झालं की मी दोन दिवस त्याच्या नजरेला पडायचो नाही. ह्याचं खरं होतंय की!

मग माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली.

दवाखान्यात मी सगळ्यांशी बोललो, फक्त मेव्हण्याशी नाही. तो खाटेजवळ आला की मी पाण्याच्या निमित्तानं बाहेर जायचो. त्याचे ओठ हलताना मला बघायचे नव्हते. पण त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही, सरळ डॉक्टरला गाठलं. "सायेब, अक्काच्या समोर गडी किती?"

"कसले गडी?"

"चाकू सोडून आणि कोण कोण बसलंय तिच्या इरुद्ध?"

डॉक्टर कोल्हापूरचाच, त्याला लगेच समजलं. म्हणाला, "अंगात रक्त नाही. ताप आहे. खोकला आहे, टाके तुटतील."

"म्हंजे तिघं. त्यास्नी आधी उठवू."

रक्त द्यायला त्यानं स्वतःचा हात पुढं केला तर नर्स म्हणाली, तुम्हालाच आधी चढवावं लागेल. मग तो तालमीत गेला आणि सोप्यावरचे सगळे गडी घेऊन आला. त्यातला सगळ्यात थोराड पैलवान, तोच तो पळपुटं म्हणणारा, सुई बघून धाडकन आडवा झाला. शुद्धीवर आला आणि परत हात पुढं केला. "पान टाकायचं न्हाय म्हंजे न्हाय." ताप उतरेपर्यंत, खोकला थांबेपर्यंत डॉक्टरनंही दम धरला. मेव्हणा रोज दारात उभा राहून मला सांगायचा, "रगत उठलं, दाजी." "ताप उठला." मी मान फिरवायचो.

तिला ऑपरेशनला आत नेली तेव्हा मात्र बाकावर आम्ही दोघंच. न विचारणं विचारण्यापेक्षा जड झालं, तेव्हा विचारलं. "पावणं, सांगा. काय हाय?"

त्याचे ओठ आधीच हलून झाले होते. "खोटं न्हाय बोलणार. अक्काची पानं सत्ती आणि दुर्री हायत. त्याहून वाईट दोन पानं ह्या खेळात न्हाईत." "पर समोर गडी एकच उरलाय, चाकू. एकट्यासमोर सत्ती-दुर्री बी तिनात एकदा जिंकती. दहा जणांत बसलेल्या एक्क्यांच्या जोडीला जेवढं, जवळजवळ तेवढंच."

"आणि उरलेली दोनदा?"

त्यानं माझा हात धरला. त्याचाही थंडगार होता. "त्या दोनकडं तुमी बघू नगा. तिकडं मी बघतोय."

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारावं? "डब्यातल्या शेंगा कुणी संपवल्या?" मेव्हणा बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून रडला.

पुढं ती पुष्कळ वर्षं होती. गेल्या उन्हाळ्यात परत पडली. ह्या खेपेला मीच निरोप धाडून मेव्हण्याला बोलावलं, म्हटलं ह्यानं बघावं, गडी मोजावेत, एकेकाला उठवावं. तो आला, पायाशी बसला, बराच वेळ बहिणीकडं बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. ओठ हलले नाहीत. जन्मभर त्या हलत्या ओठांना भ्यालो, पण त्या दिवशी भ्यालो तसा कधीच नाही.

आता तो रविवारी येतो. तालमीतली पोरं संसाराला लागली, सोप्यावर दोघंच असतो. शेंगा मी भाजतो, निम्म्या करपतात. तो दोन दोन पानं वाटतो आणि स्वतःची पानं बघायच्या आधी माझ्याकडं बघतो, छातीकडं, सुजलेल्या पायांकडं. मी नुसता त्याच्या ओठांकडं बघत बसतो. हलतात अजून. बरं वाटतं.