चौथा पोळपाट

आमच्या गावातला बायकांचा बचत गट उडदाचे पापड करतो. माझी आई त्या गटात आहे. मागच्या हिवाळ्यात मी नगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत होते. वर्गातल्या बऱ्याच जणांना ओळखीतून एखाद्या कंपनीत जायला मिळालं होतं. माझ्या ओळखीची कंपनी एवढीच होती. सरांना विचारताना मी दोनदा अडखळले. ते म्हणाले, "पापड का नाही? कच्चा माल आहे, टप्पे आहेत, माणसं आहेत. करा."

एखादं काम जसं चालतं तसंच ते कॉम्प्युटरवर उभं करायचं, कुठल्या टप्प्याला किती वेळ लागतो ते भरायचं आणि चालवून बघायचं. मग इथलं माणूस तिथं हलवून बघायचं, आणि तेही खऱ्या माणसाला न हलवता. याला सिम्युलेशन म्हणतात, आणि अशा उभ्या केलेल्या कामाला मॉडेल. आईला हे समजवायला मला अर्धा तास लागला. तिनं मात्र गटातल्या बायकांना सोपं करून सांगितलं, "आपली सगळ्यांची भातुकली मांडायचीय तिला, कॉम्प्युटरात."

"मग मला जरा गोरी कर त्यात," एक काकू म्हणाल्या.

गटाच्या अध्यक्षताईंना मात्र या भातुकलीकडून खरंच काही हवं होतं. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कँटीनची मोठी ऑर्डर आली होती. पीठ कुटणं, लाट्या पाडणं, लाटणं, गच्चीवर वाळवणं, पाकिटं भरणं, एवढ्यात काम कुठं अडतंय ते त्यांना समजत नव्हतं. "तुझा कॉम्प्युटर सांगंल तसं करू," त्या म्हणाल्या. हे ऐकून मला आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली.

लाटायला चार पोळपाट होते. चौथा दाराजवळचा, मावशीचा. मावशी आमच्या शेजारी राहते, एकटीच. मी लहान असताना आई कांदे काढायला गेली की मी मावशीकडे असायचे. तिचे गुडघे आता दुखतात, पण पापडाला ती रोज येते. लाटणंही घरून स्वतःचं आणते, मधे झिजून बारीक झालेलं. दाराजवळ बसल्यामुळे रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी तिला बोलता येतं. गावातली निम्मी बातमी त्या पोळपाटावरूनच पुढं जाते.

मी सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं यायचे. फळीवर मोबाईल असा ठेवायचे की फक्त पोळपाट आणि हात दिसतील. आमच्याकडे बायकांना कॅमेऱ्यात तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून असं ठरलं होतं. मी मोबाईलच्या मागं बसायचे. हॉस्टेलवर परत गेल्यावर आवाज बंद करून रेकॉर्डिंग बघायचे आणि एक पापड सुपात पडल्यापासून दुसरा पडेपर्यंतचा वेळ लिहायचे.

तीन पोळपाटांवरचे हात सारखे चालत. चौथ्यावरचे हात मधेच दिसेनासे व्हायचे. बराच वेळ नुसता पोळपाट दिसायचा आणि मग हात परत यायचे. मला मावशीचे गुडघे माहीत होते, म्हणून मी तिथं 'विश्रांती' असं लिहिलं. मॉडेल चालवलं तर चौथ्या पोळपाटापाशी लाट्यांचा ढीग साठत गेला. मावशीला वाळवणाकडे आणि तिथल्या काकूंना तिच्या जागी हलवून पुन्हा चालवलं, तेव्हा ढीग नाहीसा झाला.

मला ते आवडलं नाही. पण अध्यक्षताईंचा फोन आला, तेव्हा मी खरं ते सांगितलं. "बरं. बघते मी," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात सरांना मॉडेल दाखवलं. आईकडून मी रोज किती पापड झाले ते विचारून घ्यायचे. मी गावात असायचे त्या दिवशी मॉडेलचा आकडा जुळायचा. इतर दिवशी खरे पापड मॉडेलपेक्षा बरेच जास्त व्हायचे.

सर म्हणाले, "तुम्ही मोजलं ते दिवस आणि बाकीचे दिवस, यात फरक काय?"

"काहीच नाही, सर. तीच माणसं, तीच जागा."

"काहीतरी आहे. रेकॉर्डिंग पुन्हा बघा. नीट."

शनिवारी दुपारी घरी जाताना एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली, तेव्हा मी ते उघडलं. गाडीत गोंगाट होता, म्हणून कानात इअरफोन घातले, आणि आवाज पहिल्यांदाच चालू झाला.

चौथ्या पोळपाटावरचे हात थांबले आणि मावशीचा आवाज आला, "पोरगी पहाटंची निघालीय. पोटात काय हाय का तिच्या?" मग उठताना गुडघ्यांसाठी काढलेला "आई गं". भांड्यांचा आवाज, गॅस पेटल्याचा आवाज. मग अगदी मोबाईलजवळून, "घे माय. च्या घे. आन ही लाटी खा, तेलात बुडवलीय. लहानपनी चोरून खायचीस." त्यानंतर माझाच आवाज, भरल्या तोंडाचा, "मावशी, बसा ना तुम्ही." हात परत पोळपाटावर आले.

दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. तेच. तिसऱ्या दिवशीचंही तेच, फक्त चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू होता. जिथं जिथं मी 'विश्रांती' लिहिलं होतं, तिथं तिथं मावशी माझ्यासाठी उठली होती. चहा माझ्या हातात यायचा, मी प्यायचे. लहानपणापासून तिच्या हातचा चहा पीत आले, त्यामुळे तो करायला कुणाला तरी उठावं लागतं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

घोडेगाव आलं, उतरायचं होतं. पुढं जीपमध्ये बसले तेव्हा मनात एवढंच होतं की ताईंनी अजून काही ठरवलेलं नसावं.

त्यांनी ठरवलं होतं. मी पापडाच्या खोलीत गेले तर चौथ्या पोळपाटावर दुसऱ्या एक काकू बसल्या होत्या. आई माझ्याकडे बघेना. "मावशी?" मी विचारलं. आईनं मान वर केली, गच्चीकडे.

मावशी गच्चीवर एकटीच होती. पसरलेल्या साड्यांवर पापड उलटत होती, एका हातानं गुडघा धरून. मला बघून हसली. "आलीस? खाली जा, ऊन लागंल. आज च्या कोन देतंय काय म्हाईत तुला."

"मावशी, लाटणं कुठंय तुमचं?"

"घरी ठिवलं. इथं काय लाटायचंय?"

मी तिचा हात धरून तिला जिना उतरवून खाली आणलं. चार माणसांत बोलायला मला जमत नाही. त्यात आईसमोर, जिनं सगळ्या गावाला माझ्या कॉम्प्युटरचं सांगितलं होतं. म्हणून मी मोबाईल पूर्ण आवाजात लावून सुपावर ठेवला आणि 'विश्रांती'च्या जागा एकेक करून ऐकवल्या.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग तो "आई गं" ऐकून एक काकू हसल्या. लाडवापर्यंत सगळ्या हसायला लागल्या.

अध्यक्षताई म्हणाल्या, "म्हंजे मावशी न्हाई अडत. मोजनारीच खायला बसती!"

"हो, ताई," मी म्हणाले. "मी नसते तेव्हा मावशी उठतच नाहीत. चूक मावशींची नव्हती, माझी होती."

ताई मावशीकडे वळल्या. "आन ह्या म्हातारीला तरी तोंड हुतं का न्हाई? तवाच का न्हाई बोललीस?"

मावशी पदरानं घाम पुसत होती. "काय बोलू? पोरीनं लिव्हलंय, म्हटलं आसंल. शिकलेली हाय."

यावर कुणी हसलं नाही. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. चौथ्या पोळपाटावरच्या काकू आपणहून उठल्या आणि पदर खोचून गच्चीकडे निघाल्या. मी पळत मावशीच्या घरी गेले. लाटणं खिळ्याला टांगलेलं होतं, धुऊन, फडक्यात गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मोजायला बसले. ताईंची अट होती की घरून जेवूनच यायचं. आईनं दोन भाकरी खाऊ घातल्या. मावशी सर्वांत जलद नव्हती, पण ढीग साठला नाही. नवीन मॉडेलमध्ये काम वाळवणाशी अडताना दिसलं, कारण गच्चीवर एकच बाई होती. ताईंनी तिथं आणखी एक तरुण काकू दिल्या. कँटीनची ऑर्डर वेळेत गेली.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी आवाजासकट बघितलं. मावशी एकदाही उठली नाही. फक्त एकदा तिचे हात पोळपाटावर थांबले, लाटणं अर्ध्यात.

"जेवलीस ना गं?"

"हो, मावशी."

लाटणं पुन्हा फिरायला लागलं. तेवढा वेळ मी मॉडेलमधून काढला नाही. सरांनी विचारलं तर काय सांगायचं, हे अजून ठरवलेलं नाही.