सातव्या मजल्यावरचं सोयाबीन

सरकारी हेल्पलाइनवर बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, हेडफोन लावला की आपोआप साचतात. आमचं ऑफिस बेलापूरला, सातव्या मजल्यावर. काम काय, तर तेलबियांच्या अनुदानाच्या तक्रारी ऐकायच्या. एसीत बसून, अर्थात!

* * *

आमचे देसाई सर जन्मापासून वाशीकर. पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, "करडईचं झाड किती वर्षांनी फळ देतं?"

कोणी हसलं नाही. अप्रेझलचे दिवस होते.

* * *

अनुदानासाठी उभ्या पिकात शेतकऱ्याचा फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचा, अशी अट. एका सूर्यफूलवाल्या काकांचा फोटो परत आला. कारण? 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.'

काका फोनवर ओरडले, "अहो, फुलं हायत ती!"

मी सरांना सांगितलं. सर स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "मग बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगा ना."

* * *

सोयाबीनचं तर विचारूच नका. पीक दसऱ्याला निघतं आणि अ‍ॅप दिवाळीपर्यंत बंद! लातूरकडच्या कौसाबाई रोज फोन करायच्या, "बाई, उघडलं का ते अ‍ॅप?" सगळं रान काढून झालं होतं, फक्त फोटोपुरता एक पट्टा त्यांनी उभा ठेवला होता.

"शेंगा तडकायल्यात बघा. दाणे मातीत चाललेत. कापू का ठेवू?"

मी पुन्हा सरांकडे. सर म्हणाले, "पिकाला म्हणावं, जरा अ‍ॅडजस्ट कर."

असा संताप आला म्हणून सांगू! पण कौसाबाईंना मी गोड आवाजात काय सांगितलं? "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

* * *

इकडे अ‍ॅपच्या टेस्टिंगसाठी सरांनी खिडकीतल्या कुंडीत सोयाबीन पेरून घेतलं होतं. त्याचे लाड काय वर्णावे! कूलरचं पाणी, एसीची हवा, येणाऱ्या-जाणाऱ्याचं कौतुक. एकदाचं अ‍ॅप उघडलं. सरांनी कुंडीशेजारी उभं राहून सेल्फी काढला आणि टाकला.

लाभार्थी: टेस्ट शेतकरी. स्थिती: मंजूर.

ऑफिसात पेढे वाटले.

त्याच दुपारी कौसाबाईंनीही फोटो टाकला. पिकलेल्या सोयाबीनची पानं गळून जातात, नुसत्या काड्या आणि शेंगा उरतात, हे अ‍ॅपला कोण सांगणार? उत्तर आलं, 'उभे पीक आढळले नाही.'

* * *

त्या दिवशी मी पहिल्यांदा ठरवून दिलेली वाक्यं सोडली आणि कौसाबाईंना सगळं सांगून टाकलं. कुंडी, सेल्फी, पेढे, सगळं. नोकरी गेली तर गेली म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमचं हापिस जुईनगरपासून लांब हाय का? लेक ऱ्हाती माझी तिथं."

मी म्हटलं, "नाही, जवळच आहे. का हो?"

"काय न्हाई. असंच."

पुढच्या आठवड्यात खालून वॉचमनचा फोन. हा आमचा दिवाळे गावचा, सहसा कशाला दचकत नाही.

"मॅडम, एक मावशी आल्यात. पिशवीत विळा हाय. वर सोडू का?"

"कशाला आल्यात म्हणतात?"

"बोलतात, मंजूर झालेलं पीक कापायला आलेय!"