मोठ्या अक्षरांतलं शुभवर्तमान

मंडळी, आज नंदुरबारच्या उपासनेत जे पाहिलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

आमच्या दाऊदबाबांची नजर अधू झालीय. बायबलातली बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी उपासनेत वाचणं सोडलं होतं. महायुद्धाच्या लढाईमुळे मुंबईहून मोठ्या टाइपाची प्रत येईना. मग त्यांच्या पत्नी राहेलबाईंनी जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर, प्रत्येक पानाआधी प्रार्थना करून, मार्ककृत शुभवर्तमान बोरूनं ठसठशीत उतरवून काढलं.

मी म्हटलं होतं, "मीच वाचून दाखवीन की!"

त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "माले ते त्यासना तोंडथीनच आयकनं शे." त्यांना ते बाबांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

आज बाबा वाचायला उभे राहिले. एका शब्दाशी अडले. राहेलबाईंना तो पाठ होता, तरी त्या गप्प बसल्या. बाबांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि स्वतःच वाचलं.

तुम्ही कधी कुणासाठी असं लिहिलंय का?