आठवड्याला सहाच पँटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खोली आहे. एक दार, एक खिडकी, एक मशीन, एक लांब टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. दुसरं गिऱ्हाईक आलं तर ते उभं राहतं. तिसरं आलं तर ते दुसऱ्याचं तोंड बघून घरी जातं. खोलीची मालकी एका बाईंकडे आहे, पण त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात. पँट शिवणाऱ्याला मास्तर म्हणायचं ही रीत आहे, आणि ‘मास्तरीणबाई’ म्हणून बघायची आजवर कोणाची छाती झालेली नाही.

मास्तर आठवड्याला सहा पँटी शिवतात. दिवसाला एक. सातवीसाठी कोणी कितीही गयावया केली तरी मान हलते ती आडवीच. दुपारी चारच्या ठोक्याला कात्री खाली. कारण चारला त्यांचा नवरा दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवरून सुटून घरी येतो. मग दोघं चहा पितात आणि मास्तर रहस्यकथा घेऊन बसतात. खुनी कोण, यात त्यांना फारसा रस नसतो. तो कसा सापडतो आणि सापडल्यावर त्याचं काय होतं, ती पानं मात्र त्या दोनदा वाचतात.

एवढं सांगितलं म्हणजे स्वभाव कळला. बाई सोन्यासारखी. पण एकदा डूख धरला की नाग परवडला. नाग निदान कात तरी टाकतो.

डूख होता सख्ख्या थोरल्या भावावर.

वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील कापायला बसले की धाकटी त्यांच्या शेजारी बसे. दादा दारात उभा राहून गिऱ्हाइकांशी गप्पा मारी. पुढे वडील गेले, दुकान दादाकडे आलं आणि कात्री धाकटीकडे. इथवर ठीक होतं. पण दादाला वाढायची खोड. तीन मशिनांची पाच झाली, पाचांची आठ झाली. काचेचं काउंटर आलं, दारावर दिव्यांची पाटी आली, आणि दादाच्या बुडाखाली फिरती खुर्ची आली. बेडकी आणि बैलाची गोष्ट लहानपणी दादाच्याही कानावर पडली होती, पण बहुधा शेवट यायच्या आधीच त्याला झोप लागली असावी.

एक दिवस धाकटी म्हणाली, “दादा, पुरे झालं आता. काल मी एकोणीस पँटी कापल्या. त्यातली एकसुद्धा कोणाची होती ते मला आठवत नाही.”

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, आठही मशिनांवर कारागीर. दादा खुर्चीतल्या खुर्चीत अर्धा वळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “झेपत नसेल तर एक मशीन घे आणि घरी बस. सरड्याची धाव कुंपणापर्यंत! तुझी धाव एका मशिनापर्यंत.”

हसला एकटा इस्त्रीवाला. डूख धरायच्या यादीत दुसरं नाव त्याचं पडलं.

धाकटीनं वडिलांची कात्री उचलली, टेप गळ्यात होताच. ती दारापर्यंत गेल्यावर दादानं मागून हाक मारली, “धाकटे, मापांच्या वह्या ठेवून जा. त्या दुकानाच्या आहेत.”

अकरा वर्षांच्या वह्या होत्या. अख्ख्या गावाच्या कमरा त्यात होत्या.

“राहू देत की,” धाकटी म्हणाली. इतकी गोड ती त्या दुकानात कधीच बोलली नव्हती. दादाला तिथेच घाम फुटायला हवा होता.

आता या वह्यांची गोम सांगतो. कमरेला टेप लागला की माणूस पोट आत घेतो. साधू असो, सावकार असो, घेतोच. वडिलांनी धाकटीला शिकवलं होतं, गिऱ्हाइकासमोर टेप म्हणेल तोच आकडा मोठ्यानं वाचायचा आणि तोच वहीत लिहायचा. माणसाचा मान राखायचा. मग कापताना ज्याचं जेवढं पोट आत गेलं असेल तेवढं कापड बोटांनी मोजून सोडायचं. कोणाला एक बोट, कोणाला दोन. पोस्टमास्तरांना साडेतीन. ही बोटं कुठल्याच वहीत नव्हती. वहीत होत्या त्या नुसत्या सभ्य थापा.

दादानं नवा कटर ठेवला. कटर हुशार आणि प्रामाणिक. त्यानं इमानेइतबारे वहीबरहुकूम कापलं.

पुढच्या दोन महिन्यांत गावानं जे सोसलं ते सांगवत नाही. मुख्याध्यापक व्यासपीठावर पडलेला खडू उचलायला वाकले आणि तसेच, वाकलेल्या अवस्थेत, मागच्या मागे पडद्याआड गेले. पोस्टमास्तर आठवडाभर काउंटरवरून उठलेच नाहीत. लोकांना वाटलं कामाची आवड लागली. दादानं कटर बदलला. तो दुसराही प्रामाणिक निघाला. तिसरा आला. वही तीच, कमरा त्याच. धाकटीला एका शब्दानं सांगता आलं असतं. ती रोज चारला चहा पीत होती.

मग लोक एकेक करून गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर येऊन बसायला लागले. धाकटीची मास्तर झाली ती इथे.

“मास्तर, अजून दोन मशिनं टाका,” बटणवाला दर महिन्याला म्हणायचा. “रांग बघा किती लागलीय! पुढच्या महिन्यापर्यंत नंबर नाही.”

“नंबर लागतोय तोवर लागू दे.”

“अहो, पण वाढायला नको?”

“वाढले की! मागच्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढला.”

सहा वर्षं अशी गेली. आणि एका दुपारी दादा आला. स्टुलावर डॉक्टर बसले होते, म्हणून तो उभा राहिला. डॉक्टर गेल्यावर मास्तरांनी स्टुलावर कापडाचा गठ्ठा ठेवला, म्हणून तो उभाच राहिला.

“धाकटे,” तो म्हणाला, “दुकान बसलं. आठांतली पाच मशिनं झाकून ठेवलीत. तू परत ये. सगळं तू बघ. पाटीवर नाव तुझं लावू. माझी खुर्चीसुद्धा तू घे, मी काउंटरला उभा राहतो.”

“विचार करून सांगते,” मास्तर म्हणाल्या.

मास्तरांना लोभ सुटला. आठ मशिनांचा नाही हो, काउंटरला उभ्या राहिलेल्या दादाचा. तो रोज उभा दिसणार! दहा ते आठ, पाय दुखेस्तोवर! त्या लोभापायी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका पँटीचे दोन्ही पाय डावे कापले. संध्याकाळी रहस्यकथेत खुनी पकडला गेला तरी पान उलटेना.

नवरा बशीत चहा ओतत म्हणाला, “तुला दुकान हवंय, की दादा उभा हवाय?”

“दादा उभा हवाय.”

“मग त्यासाठी आठ मशिनं जन्मभर सांभाळायची?”

“त्याची खुर्ची दुकानातच आहे ना, काय करू!”

“एक दिवस बसून बघ. पँटसुद्धा आपण ट्रायल घेऊनच नेतो.”

सोमवारी मास्तरांनी खोलीला कुलूप लावलं आणि दहाच्या ठोक्याला दादाच्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसल्या. एकदा डावीकडे फिरल्या, एकदा उजवीकडे. दादा समोर उभा. कारागीर बघतायत.

“दादा, त्या दिवशी मला काय म्हणाला होतास? जरा परत म्हण.”

“जाऊ दे ना, धाकटे. जुनं झालं.”

“मला रोज नवं वाटतं. म्हण.”

“सरड्याची धाव...” दादा पुटपुटला.

“मोठ्यानं. मागच्या मशिनापर्यंत पोचलं नाही.”

दादानं म्हटलं. पूर्ण म्हटलं. वर, आत घेतलेल्या पोटाची बोटं वहीत नव्हतीच, तेव्हा तिन्ही कटरांची काही चूक नव्हती, चूक माझीच होती, हेही त्यांनी त्याच्याकडून आठ मशिनांना ऐकू जाईल असं वदवून घेतलं. मग खुर्ची सावकाश इस्त्रीवाल्याकडे वळली.

“काय हो, आज हसू येत नाही?”

इस्त्रीवाला इस्त्रीच्या बुडाकडे असं बघत होता, जणू तिथे काही लिहिलंय.

साडेदहा वाजले होते. सूड आटोपला होता. आणि दिवस अजून सगळा पुढे होता.

मग दुकान मास्तरांच्या अंगावर आलं. एका मशिनाचा पट्टा तुटला. काजं करणारीला भावाच्या साखरपुड्याला रजा हवी होती आणि तेवढ्यासाठी तिनं भावाची सबंध हकिगत सांगितली. अस्तराचा व्यापारी आला, तो जाईना. इस्त्रीवाला आणि काजंवाली यांचं पंख्याच्या तोंडावरून भांडण झालं, ते दोघं न्याय मागायला आले. एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला मास्तर टेप घेऊन उठल्या, तर दादा धावला, “तू कशाला? तू बस!” त्या बसल्या. दोनदा बसल्या. तिसऱ्यांदा उठल्याच नाहीत, आणि तेच त्यांना फार लागलं.

चार वाजले. मास्तरांनी हात पुढे धरून बघितले. खडूचा कणसुद्धा नव्हता. लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे स्वच्छ हात. त्या उठल्या आणि त्यांनी पिशवी घेतली.

“कुठे निघालीस? दुकान आठपर्यंत असतं.”

“तुझं असतं. घे खुर्ची, मला नको.”

दादा बघतच राहिला. “म्हणजे? सकाळपासून बसलीस ती नुसती सूड उगवायला?”

“नुसती काय म्हणतोस? सहा वर्षं थांबले होते!”

“आणि मी आता काय करू?”

“पाच मशिनांवर झाकणं घातलीस ना? महिनाभरात एकाही झाकणाकडे हात गेला नसेल, तर ती पाचही विकून टाक. उरतील तेवढं तुझं दुकान.”

“निदान वह्यांत ती बोटं तरी भरून दे, धाकटे. कोणाला किती ते.”

मास्तरांनी दहाही बोटं त्याच्यासमोर नाचवली. “ही मी घरी नेतेय.” आणि त्या खरोखरच घरी गेल्या. चहा थोडा निवला होता.

मंगळवारी सकाळी खोली उघडली तर स्टुलावर भूगोलाचे सर हजर. त्यांची पँट सोमवारची होती.

मास्तरांचा चेहरा पडला. वायदा चुकणं हा दादाचा धंदा, आणि तो आज त्यांच्या खोलीत घडला होता.

“सर, माफ करा. या आठवड्याला पाचच होणार. तुमची पुढच्या सोमवारी.”

“पाच? तुमच्या तर सहा असतात. माझी कशात गेली?”

मास्तरांनी सुई ओवली. खोटं बोलायची सवय नव्हती.

“थोरल्या भावावर सूड उगवायला गेले होते. अख्खा दिवस लागला.”

सरांनाही एक थोरले बंधू होते.

“मग हरकत नाही,” ते म्हणाले, आणि स्टूल आणखी जवळ ओढलं. “पहिल्यापासून सांगा.”