दसऱ्याच्या पूजेतलं पिस्तूल

आमच्या आप्पांनी दहा वर्षं सदरा पँटीत खोचला नाही. आत कमरेला पिस्तूल असायचं ना!

आप्पा धुळ्याकडून सुरतला आले ते लूम चालवायला. पुढे एका कापडवाल्या शेटच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी, रखवालीला बसू लागले. पिस्तूल आणि लायसन शेटचं, लायसनवर सोबत बाळगणारा म्हणून आप्पांचं नाव चढवलेलं. चारचौघांत पिस्तूल दिसता कामा नये, कुणाला दाखवायचं नाही, संध्याकाळी शेटच्या तिजोरीत परत. लिंबायतच्या आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझ्या आप्पांचं पोट एकाच बाजूनं कसं गं सुटलं?" आई पदर तोंडाला लावून आत पळायची. किती हसायचो आम्ही!

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर माझी पुस्तकं, आईची कात्री आणि आप्पांचा लूमवरचा जुना धोटा पूजेला असायचा. एका वर्षी आप्पा म्हणाले, ज्याच्यावर पोट भरतं त्याचीच पूजा. शेटकडून तासाभराची परवानगी काढून त्यांनी पिस्तूल घरी आणलं. दार लावून पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. आप्पा डोळे मिटून हात जोडून बसले होते. इतके रुबाबदार दिसत होते की मला राहवलं नाही. मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, पण अक्कल म्हणून नव्हती!

फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत पोलीस चौकीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी शेट स्वतः आमच्या दारात. "आ फोटो कोणे मूक्यो?"

मी तोंड उघडलं, तोच आप्पा म्हणाले, "मी टाकला शेट. हौस आली."

हिरवं बटण दाबून फोन उचलण्यापलीकडे आप्पांना मोबाइलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेटलाही ते ठाऊक असणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले. आठवड्याभरात लायसनवरचं आप्पांचं नाव निघालं, नोकरीही गेली. आई माझ्यावर कडाडली, "हाई काय करं व बाई तू?" आप्पांनी तिला गप्प केलं. पोरीचं नाव पोलिसांच्या वहीत नको, एवढंच म्हणाले. मी त्यांच्यासमोर जेवायला बसेना. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

मग आप्पा पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या गेटवर उभे राहू लागले. हातात लाकडी काठी.

वर्षानं दसरा आला. मी मोबाइल कपाटात ठेवून दिला होता. आप्पांनी पाट मांडला, धोट्याशेजारी काठी ठेवली, तिला कुंकू लावलं आणि मला हाक मारली. "ये व माय, काढ आते फोटू. हाई दखाडाले मनाई नही."

मोबाइल आणून मी समोर धरला, तेव्हा दिसलं. आप्पांनी सदरा पँटीत नीट खोचला होता.

फोटो हलला. आता मी कामरेजला नांदते, आप्पा जाऊनही तीन वर्षं झाली. मोबाइल बदलले, तो हललेला फोटो तेवढा प्रत्येकात घेतला. स्टेटसला मात्र कधी टाकला नाही.