थांबलो तेवढा वेळ

बायको म्हणते, तुझ्या पोटात काही राहत नाही. मी हसतो. राहतं. एक गोष्ट इतकी वर्षं राहिलीय की आता तीच मला धरून बसलीय असं वाटतं. तिला सांगितली नाही, आबांना सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय – तुम्ही आमच्या धंद्यातले नाही, म्हणून कदाचित.

आमचा धंदा कोल्ड स्टोरेजचा. बटाटा, सफरचंद, आइस्क्रीम, औषधं – जे थंड ठेवायचं त्यासाठी खोल्या उभ्या करायच्या. मी त्या खोल्यांच्या भिंतींचे पॅनेल विकतो. दिल्लीच्या आजूबाजूला हे काम भरपूर, पण माणसं मोजकी. प्रदर्शनात तेच चेहरे, हॉटेलातल्या नाश्त्याच्या मीटिंगला तेच चेहरे. कार्डं सगळेच वाटतात. कार्डावर काम मिळत नाही. काम मिळतं फोनवर. मालकाला नवा माणूस घ्यायचा असला की तो ओळखीतल्या कुणाला तरी फोन लावतो आणि एवढंच विचारतो – ‘आदमी कैसा है?’

हे मला याकूब इनामदारांनी शिकवलं. मूळ मिरजेचे, आयुष्य गेलं गाझियाबादेत, कॉम्प्रेसर आणि प्लँटची डिझाईनं करण्यात. मी नोएडात नवा होतो, प्रदर्शनात स्टॉलच्या कोपऱ्यात उभा राहून घरी मराठीत बोलत होतो. ते ऐकून आले आणि म्हणाले, “काय लेका, कोपरा विकायला आणलास काय?”

आणि हे त्यांचंच – “असा फोन आला ना, तर थांबायचं नाही. माणूस चांगला असेल तर लगेच बोलायचं. शब्द कुठला ते कुणी ऐकत नाही, किती वेळ लागला ते ऐकतात. तू थांबलास की तो माणूस गेला.”

मी हे विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझे वडील, आबा, जालन्याला बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. घरात पहिली डिग्री माझी, मेकॅनिकलची. तिचा मला माज होता, आजही आहे, तो लपवत नाही. इनामदारसाहेब मात्र मला चारचौघांत घेऊन जायचे, खांद्यावर हात टाकायचे आणि म्हणायचे, “इसके पिताजी बर्फ़ की सिल्ली खींचते थे, ये कोल्ड रूम बेचता है. ख़ानदानी ठंडा आदमी है, आँख मूँद के ले लो!” सगळे हसायचे. आणि – हेही खरं सांगितलं पाहिजे – सगळ्यांच्या लक्षात राहायचं. टाय लावलेली इतकी पोरं फिरत होती, त्यांतला मीच आठवायचो. फोन यायचे, ‘वो बर्फ़वाला बोल रहा है क्या?’ ऑर्डरी यायच्या. माझी पहिली सगळी कामं त्या एका वाक्यावर आली.

पण मला ते वाक्य सहन होत नव्हतं. इतका शिकलो, आणि हे मला पुन्हा बर्फावरच्या त्या ओल्या पोत्यांत नेऊन उभं करतात, असं वाटायचं. एकदा तरी बोलायला काय हरकत होती? ‘साहेब, तेवढं सांगू नका’ – बस. ते त्याच दिवशी थांबले असते. मी हसत राहिलो. दरवेळी इतरांपेक्षा जरा मोठ्याने.

त्यांच्या घरी मी किती जेवलोय! शमावहिनी माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी करायच्या. पीठ कुठून आणायच्या कोण जाणे. इनामदारसाहेब तिथूनच आबांना फोन लावायचे. “आबा, बोटं कशी आहेत?” बर्फाने आबांची बोटं वाकडी झाली होती. मी स्वतः आबांना हे कधी विचारलं होतं? आठवत नाही. नाहीच विचारलं.

मग त्यांनी नोकरी सोडली. स्वतःचं सुरू केलं. प्लँट डिझाईन करून द्यायचा, उभा करून द्यायचा. आमच्यात पहिलं मोठं काम मिळालं की बाकीची मागून येतात, आणि पहिलंच हुकलं तर लोक विचारतात, का हुकलं असेल? हापुडचे एक शेठ मोठं स्टोरेज बांधणार होते. इनामदारसाहेबांनी मला सांगितलं, “शेठ तुला फोन करतील. मीच तुझं नाव दिलंय.”

फोन आला. दुपारची वेळ, मी साहिबाबादला गाडी बाजूला घेतली. शेठ म्हणाले, “इनामदारजी आपकी तरफ़ के हैं. आदमी कैसा है?”

मी थांबलो.

काय सुचत नव्हतं असं नाही. ‘बढ़िया’ हा शब्द तोंडात तयार होता. मी तो धरून ठेवला. समोर ट्रकमधून माल उतरत होता, तो बघत राहिलो. शेठ “हॅलो?” म्हणाले. त्या गप्प राहण्यात ते आपल्या मनातलं काय काय भरतील – याकूब हे नावसुद्धा – हे मला कळत होतं. कळत असूनही भरू दिलं. मग म्हणालो, “जी, ठीक हैं. आप देख लीजिए.”

मी खोटं काहीच बोललो नाही. पुढे बरेच दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो.

काम गेलं. त्यामागून येणारी दोनही आली नाहीत. वर्षभरात त्यांनी ऑफिस बंद केलं आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाकडे नोकरीला लागले. मला म्हणाले, “नशीब रे. तू तर चांगलंच बोलला असशील.” मी म्हणालो, “हो साहेब.”

त्यानंतर त्यांच्या घरी जाणं मी कमी केलं, मग सोडलं. वहिनी ईदला फोन करायच्या. मी मीटिंगमध्ये असायचो. आता मी असोसिएशनच्या कमिटीवर आहे, नाश्त्याच्या मीटिंगा मीच ठरवतो, नव्या पोरांना ओळखी कशा वाढवाव्यात यावर भाषण देतो. फोनमध्ये नावंच नावं. रविवारी ती खालीवर करत बसतो. कुणाला लावू? काही काम नसताना लावता येईल असं त्यात एकच नाव आहे. मुलगी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देते. आबा गेले. या शहरात मला ‘लेका’ म्हणणारा माणूस होता – मीच त्याला माझा राहू दिलं नाही.

परवा एका औषध कंपनीची ऑर्डर मिळाली. मोठी. त्यांचे मॅनेजर सही करता करता हसून म्हणाले, “आपके बारे में इनामदारजी से पूछा था. मेरा सवाल पूरा भी नहीं हुआ, वो बोल पड़े.”

मी ऑर्डर घेतली.